शेजारच्या प्लॉटवर काय येणार? मिशिगनमधल्या ‘स्पेशल लँड यूज’च्या सुनावणीला सामोरे जाताना

मिशिगनमध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाच्या घरी कधी ना कधी शहराचे किंवा टाउनशिपचे एक पत्र येते. वर ‘नोटीस ऑफ पब्लिक हिअरिंग’ असे लिहिलेले असते. खाली कुठल्याशा पत्त्यावर कुणीतरी ‘स्पेशल लँड यूज’ (जागेच्या विशेष वापराची परवानगी) मागितला आहे असे दोन-चार ओळींत सांगून तारीख, वेळ आणि जागा दिलेली असते. आपला काय संबंध, म्हणून ते जाहिरातींच्या कागदांबरोबर रिसायकलिंगच्या डब्यात जाते. हे पत्र टाकून देऊ नका. ते तुम्हाला पाठवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यातली तारीख उलटून गेली की नंतर केलेल्या तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही.

कधी पत्र आपल्यामुळे शेजाऱ्यांच्या घरी जाते. आपल्यातल्या कितीतरी जणी घरात पाळणाघर सुरू करतात, कुणी तबल्याचे किंवा कथकचे वर्ग घेते, चार कुटुंबे मिळून मंदिरासाठी किंवा मंडळाच्या सभागृहासाठी जागा शोधतात. तेव्हा आपण अर्जदार असतो. हा लेख दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी आहे, कारण दोघांनाही एकच गोष्ट समजून घ्यायची असते: या निर्णयात डोकी मोजत नाहीत. ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे गावाच्या स्थानिक कायद्यात, लिहिलेले निकष पूर्ण होतात की नाही, एवढेच बघायचे असते. सभागृहात दोनशे माणसे विरोधात उभी राहिली आणि अर्ज निकषांत बसला, तर तो मंजूर व्हायला हवा. एकही माणूस आला नाही आणि अर्ज निकषांत बसला नाही, तर तो मंजूर होता कामा नये.

इथले आकडे आणि मुदती मिशिगनच्या आहेत. इतर राज्यांत या परवानगीला ‘कंडिशनल यूज’ किंवा ‘स्पेशल यूज’ म्हणतात. रीत साधारण अशीच असली तरी मुदती त्या त्या राज्याच्या बघाव्यात.

आधी अर्ज कोणता आहे ते ओळखा

प्रत्येक गावाचे झोनिंग ऑर्डिनन्स गावाचे विभाग पाडते: एकेका कुटुंबाच्या घरांचा, अपार्टमेंटचा, दुकानांचा, कारखान्यांचा, शेतीचा. प्रत्येक विभागाखाली दोन याद्या असतात. पहिल्या यादीतले वापर हक्काचे, म्हणजे मोजमापे पाळली की परवानगी मिळते. दुसऱ्या यादीतले वापर चालू शकतात, पण जागा आणि आराखडा तपासूनच. प्रार्थनास्थळ, शाळा, मोठे पाळणाघर, पेट्रोल पंप, ड्राइव्ह-थ्रू, कुत्र्यांचे केनेल, खडीची खाण हे सहसा या दुसऱ्या यादीत सापडतात, आणि यांनाच स्पेशल लँड यूज म्हणतात.

यातला अर्थ नीट लक्षात घ्या. एखादा वापर या यादीत आहे याचाच अर्थ असा की हा वापर या विभागात शोभू शकतो हे गावाने ऑर्डिनन्स करतानाच मान्य केले आहे. सुनावणीत उरतो तो एवढाच प्रश्न: या प्लॉटवर, या आराखड्याने तो बसतो का? ‘वस्तीत असले काही नकोच’ हा मुद्दा मांडायची वेळ ऑर्डिनन्स लिहिले जात होते तेव्हाची होती.

याच्याशी गल्लत होते ती दोन अर्जांची. रिझोनिंगमध्ये प्लॉटचा विभागच बदलायचा असतो. तो धोरणाचा निर्णय आहे, निवडून आलेले सदस्य तो घेतात आणि तिथे लोकमताला खरोखर वजन असते. व्हेरिअन्स म्हणजे नियमातून सवलत, उदाहरणार्थ कुंपणापासूनचे अंतर कमी करून मागणे. ती झोनिंग बोर्ड ऑफ अपील्सकडे जाते आणि अर्जदाराला जागेची खरी अडचण सिद्ध करावी लागते. पत्रावर यांपैकी कोणता शब्द आहे ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. रिझोनिंगच्या सभेत गाजलेले भाषण स्पेशल लँड यूजच्या सुनावणीत वाया जाते.

महाराष्ट्रात विकास आराखड्यावरच्या ‘हरकती व सूचना’ आपल्या कानावरून गेलेल्या असतात आणि एन.ए.साठी महसूल कार्यालयात घातलेले खेटेही घरात कुणीतरी सांगितलेले असतात. त्या अनुभवावरून इथली सुनावणी ही नुसती औपचारिकता आहे असे धरून चालू नका. इथे निर्णय बहुधा त्याच खोलीत, तुमच्यासमोर होतो.

निर्णय कोण घेते ते शोधा

मिशिगनचा मूळ कायदा म्हणजे २००६ चा ११० क्रमांकाचा झोनिंग एनेबलिंग ॲक्ट. त्यात चौकट राज्याची आहे, पण ऑर्डिनन्स प्रत्येक गावाचे वेगळे. राज्यात टाउनशिपच १,२४० आहेत, शहरे आणि व्हिलेज त्याहून निराळी. म्हणून नोव्हायमध्ये राहणाऱ्या मित्राचा अनुभव कँटनमध्ये लागू पडेलच असे नाही.

स्पेशल लँड यूजचा निर्णय प्लॅनिंग कमिशनने घ्यायचा, सिटी कौन्सिल किंवा टाउनशिप बोर्डाने घ्यायचा, की झोनिंग अधिकाऱ्याने, हे त्या गावाचे ऑर्डिनन्स ठरवते. काही ठिकाणी कमिशन शिफारस करते आणि अंतिम मत बोर्डाचे असते. तसे असेल तर दोन सभा होतात आणि दोन्हींना हजर राहावे लागते. प्लॅनिंग विभागाला फोन करून सरळ विचारा: ‘अंतिम निर्णय कोणाचा? त्यावर तुमच्याकडे अपील आहे का?’ दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व शेवटी येईल.

पत्र वाचा

कायद्याप्रमाणे सुनावणीची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. ती प्रस्तावित जागेपासून ३०० फुटांच्या आतल्या मालमत्ताधारकांना जाते, आणि त्या अंतरातल्या इमारतींमध्ये राहणाऱ्यांनाही. म्हणजे भाडेकरूंनाही. मोठ्या अपार्टमेंटमध्ये ती इमारतीच्या व्यवस्थापकाकडे देऊन मुख्य दारावर लावायला सांगता येते, त्यामुळे लॉबीतल्या फलकाकडे लक्ष असू द्या. ३०० फूट म्हणजे जेमतेम ९१ मीटर. पत्र आले नाही म्हणून तुमच्यावर परिणाम होणार नाही असे नव्हे, आणि सभेत बोलायला पत्र आलेले असण्याची अट नाही.

व्हिसावर असलेले आणि घर भाड्याचे असलेले लोक इथे हमखास मागे सरतात. ‘आपण नागरिक नाही, आपल्याला कोण विचारतो!’ तसे नाही. १९७६ च्या ओपन मीटिंग्ज ॲक्टखाली सभेला हजर राहण्याचा आणि सभेच्या नियमांत राहून बोलण्याचा अधिकार व्यक्तीला आहे. त्यासाठी नागरिकत्व, मतदार यादीतले नाव किंवा घराची मालकी लागत नाही.

पत्रातून चार गोष्टी टिपून घ्या: नेमका पत्ता, मागितलेला वापर, सभेची वेळ आणि जागा, लेखी म्हणणे कुठे आणि कधीपर्यंत द्यायचे. मग प्लॅनिंग विभागाकडून पूर्ण अर्ज, साइट प्लॅन आणि कर्मचाऱ्यांचा अहवाल मागवा. पुष्कळ गावे सभेच्या काही दिवस आधी ही कागदपत्रे सभेच्या अजेंड्यासोबत संकेतस्थळावर टाकतात. अहवाल नक्की वाचा. निकष आणि त्यांवरचे कर्मचाऱ्यांचे मत एकाच जागी सापडणारा तोच कागद असतो.

निकषांचे पान समोर ठेवा

सगळी लढाई इथे आहे. कायद्याच्या ५०४ व्या कलमात म्हटले आहे की अर्ज ऑर्डिनन्समधल्या निकषांत, घातलेल्या अटींत आणि इतर लागू कायद्यांत बसत असेल तर तो मंजूर केलाच पाहिजे. निर्णय घेणाऱ्या मंडळाला आवडी-निवडीला वाव ठेवलेला नाही. आणि निर्णय काहीही असो, त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात: कोणत्या वस्तुस्थितीवरून, कोणता निकष पूर्ण झाला किंवा झाला नाही.

निकष गावागणिक वेगळ्या शब्दांत असतात, पण त्यांची जात ओळखीची असते. आजूबाजूच्या वापरांशी मेळ बसतो का. गावाच्या मास्टर प्लॅनशी सुसंगत आहे का. रस्ता, पाणी, सांडपाणी, अग्निशमन यांवर पेलवेल एवढाच भार येतो का. वाहतूक, आवाज, धूर, वास, प्रकाशाची तिरीप यांचा त्रास होईल का. झाडे, ओढे, पाणथळ जागा यांचे काय. काही वापरांना, जसे पेट्रोल पंप, याशिवाय खास निकषही असतात.

हे पान छापून घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर स्वतःचा मुद्दा लिहा. ज्या मुद्द्याला समोर कोणतीच ओळ सापडत नाही, तो गाळा. मन दुखेल, पण गाळा.

शेजारी म्हणून बोलायचे असेल तर

बहुतेक ठिकाणी बोलायला ३ मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. समजा, मागच्या प्लॉटवर ड्राइव्ह-थ्रू येतोय. पहिल्यांदा बोलणारा माणूस सहसा असे बोलतो: ‘आम्ही आयुष्यभराची कमाई घालून इथे घर घेतले. ही शांत वस्ती आहे. आमच्या घरांच्या किमती पडतील. आम्हाला हे नको.’ यातला एकही शब्द खोटा नसेल, पण मंडळाला निर्णयात लिहिता येईल असे त्यात काही नाही.

आता हे बघा: ‘माझे घर प्रस्तावित जागेला मागून लागून आहे. आवाजाच्या निकषाबद्दल बोलतोय. साइट प्लॅनमध्ये ऑर्डर घेण्याचा स्पीकर माझ्या कुंपणाकडे तोंड करून दाखवला आहे आणि मधे फक्त एक झुडपांची रांग आहे. स्पीकर इमारतीच्या रस्त्याकडच्या बाजूला हलवावा, कुंपणालगत भरीव भिंत बांधावी आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद ठेवावा अशी अट घालावी, ही विनंती.’ अर्ध्या मिनिटात निकष, वस्तुस्थिती आणि उपाय, तिन्ही आले. अर्ज मंजूर झाला तरी या माणसाच्या हाती काहीतरी लागण्याची शक्यता आहे. सरसकट ‘नको’ म्हणणाऱ्याच्या हाती मंजुरीनंतर काहीच उरत नाही.

भाषणाबरोबर पत्रही द्या. सुनावणीच्या आधी, तारीख घालून, आणि क्लार्ककडून पोचल्याची खात्री करून घ्या. फोटो, मोजलेले अंतर, शाळा सुटण्याच्या वेळची रस्त्यावरची रांग, जे दाखवता येईल ते जोडा. सह्यांचे निवेदन दिले तर हरकत नाही, पण शंभर सह्यांपेक्षा एक मोजमाप जास्त कामाचे.

दोन गोष्टी अजिबात करू नका. कमिशनच्या सदस्यांना खासगीत फोन करून वा घरी गाठून पटवू नका. हा निर्णय नोंदीवर आलेल्या पुराव्यावरून व्हायचा असतो आणि अशा भेटीमुळे सगळी प्रक्रियाच अडचणीत येते. आणि अर्जदार कोण आहेत, कोणत्या धर्माचे, कोणत्या देशातून आलेले, त्यांच्याकडे कोण येणार, यावर एक अक्षर बोलू नका. ते अन्यायाचे आहे आणि गावाला कोर्टात नेणारेही आहे. स्टर्लिंग हाइट्समध्ये २०१५ साली प्लॅनिंग कमिशनने एका मशिदीचा स्पेशल लँड यूज फेटाळला. २०१६ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने शहरावर दावा लावला आणि २०१७ मध्ये शहराला तडजोड करावी लागली. उद्या त्या खुर्चीत आपले मंदिर असणार आहे, हे ध्यानात ठेवून बोला.

अर्जदार म्हणून जायचे असेल तर

पहिला प्रश्न असा की ही परवानगी तुम्हाला लागते का? घरी शिकवणाऱ्यांसाठी मिशिगनच्या कायद्यात एक खास कलम आहे, २०४ वे. स्वतंत्र घरात राहणाऱ्याला त्याच घरात कला किंवा हस्तकला शिकवू देण्याची तरतूद प्रत्येक ऑर्डिनन्सला करावीच लागते. आवाज, पाट्या, गाड्या, वेळा यांवर गाव बंधने घालू शकते. म्हणून चित्रकलेचे किंवा संगीताचे वर्ग काढणाऱ्यांनी आधी आपल्या ऑर्डिनन्समधला ‘होम ऑक्युपेशन’चा भाग वाचावा. बहुतेक वेळा काम तिथेच भागते.

पाळणाघराचे गणित मुलांच्या संख्येवर आहे. ६ मुलांपर्यंतचे (राज्याच्या काही अटींवर ७) परवानाधारक घरगुती पाळणाघर निवासी वापर मानले जाते, त्याला ही परवानगी लागत नाही. त्याहून मोठे, म्हणजे १२ मुलांपर्यंतचे (काही अटींवर १४) ‘ग्रुप चाइल्ड केअर होम’ असेल तर लागते. टाउनशिपमध्ये कायद्यात दिलेले निकष पूर्ण केले तर ती द्यावीच लागते: तशाच दुसऱ्या पाळणाघरापासून १,५०० फुटांचे अंतर, मुलांच्या सुरक्षेसाठी कुंपण, घराचे बाह्यरूप वस्तीला साजेसे, दिवसात १६ तासांपेक्षा जास्त नाही वगैरे. शहरात मात्र शब्द ‘द्यावी लागते’ नसून ‘देता येते’ असा आहे. ज्या रस्त्याच्या एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला टाउनशिप आहे, तिथे घर घेण्याआधीच हे बघितलेले बरे. राज्याचा परवाना वेगळा काढावा लागतो, तो विसरू नका.

मंदिर आणि सभागृहांसाठी २००० सालचा आरएलयूआयपीए हा केंद्रीय कायदा पाठीशी आहे. झोनिंगच्या नावाखाली धार्मिक संस्थेवर अकारण मोठा भार टाकता येत नाही आणि तिला इतर सभागृहांपेक्षा दुय्यम वागणूक देता येत नाही. ट्रॉय शहराच्या ऑर्डिनन्सने या समान वागणुकीचा भंग होतो असे २०२२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने म्हटले. पण या कायद्यामुळे अर्ज करणे टळत नाही. पार्किंग, वाहतूक, दिव्यांचा प्रकाश यांची उत्तरे तयार ठेवावीच लागतात. गणपती आणि दिवाळीच्या दिवशी किती गाड्या येतील हा प्रश्न नक्की येणार. खरा आकडा सांगा, आणि जास्तीच्या गाड्यांसाठी जवळच्या शाळेशी किंवा चर्चशी लेखी करार करून ठेवा. तो कागद सभेत खूप बोलतो.

प्रत्यक्ष काम असे होते. जागेचा सौदा करताना ‘परवानगी मिळाली तरच’ ही अट करारात घालून घ्या, नाहीतर नकार आला की जागा गळ्यात पडते. अर्जाआधी प्लॅनिंग विभागाशी बैठक मागा. साइट प्लॅन व्यावसायिक माणसाकडून काढून घ्या. शुल्काबरोबर तपासणीच्या खर्चासाठी वेगळी अनामत भरावी लागू शकते, ती आधी विचारा. हाउसिंग असोसिएशन असेल तर तिचे नियम स्वतंत्रपणे तपासा, कारण गावाच्या मंजुरीने ते रद्द होत नाहीत. आणि नोटीस जाण्याआधी शेजारच्या घरांची दारे स्वतः वाजवा, हातात आराखडा घेऊन. पत्र हाती पडून राग आल्यावर भेटण्यापेक्षा आधी भेटणे शतपट चांगले. कुंपण अमुक बाजूला उंच हवे, गाड्या तमुक ठिकाणी उभ्या करू नका, अशा मागण्या अंगणातच कळतात आणि त्या आराखड्यात घालूनच सभेला जाता येते.

सुनावणीची संध्याकाळ

अध्यक्ष विषय पुकारतात, कर्मचारी अहवाल वाचतात, अर्जदार बोलतो, मग लोकांसाठी सुनावणी खुली होते. नाव आणि पत्ता सांगून बोला, अध्यक्षांकडे बघून बोला, शेजाऱ्याशी वाद घालू नका. सुनावणी बंद झाली की सदस्य आपसात चर्चा करतात, तीही उघडपणे. मग कुणीतरी प्रस्ताव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, मतदान होते. मंजुरी, अटींसह मंजुरी, नकार, किंवा आणखी माहितीसाठी पुढची तारीख.

प्रस्तावाचे शब्द कान देऊन ऐका. ‘निकष पूर्ण होतात’ एवढेच म्हटले, की प्रत्येक निकषाचे कारण दिले? कारणे मोघम असतील तर ती दुबळी बाजू आहे, जिंकणाऱ्यासाठीसुद्धा, कारण पुढे अपील झाले तर कोर्ट हीच कारणे बघते. अर्जदाराने तर कर्मचाऱ्यांच्या अहवालात प्रत्येक निकषावर मत आलेले आहे ना, हे सभेआधीच बघून ठेवावे. इतिवृत्ताचा मसुदा सभेनंतर कामकाजाच्या ८ दिवसांत लोकांना उपलब्ध करावा लागतो. तो मागवून घ्या.

निर्णय पटला नाही तर

दिवस मोजायला लगेच लागा. स्पेशल लँड यूजच्या निर्णयावर झोनिंग बोर्ड ऑफ अपील्सकडे फक्त तेव्हाच जाता येते जेव्हा गावाच्या ऑर्डिनन्समध्ये तशी सोय असते. सुरुवातीला विचारायला सांगितलेला प्रश्न इथे कामाला येतो. सोय नसेल तर थेट सर्किट कोर्ट. अपील्स बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायची मुदत अध्यक्षांच्या सहीने लेखी निर्णय निघाल्यापासून ३० दिवस किंवा इतिवृत्त मंजूर झाल्यापासून २१ दिवस, यांपैकी जी आधी संपेल ती आहे. या टप्प्यावर जमीन-वापराचे काम करणारा वकील हवाच, आणि तो पहिल्या आठवड्यात गाठायचा.

शेजाऱ्यांसाठी २०२२ चा एक निकाल फार मोलाचा आहे. सॉगटक टाउनशिपमध्ये मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांत मरीना आणि घरांचा प्रकल्प आला. त्याविरुद्ध लढणाऱ्या संघटनेला ‘तुम्हाला अपिलाचा अधिकारच नाही’ असे सांगितले गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुनी कडक कसोटी बाजूला ठेवून नवी घालून दिली. अपील करणाऱ्याने मूळ कामकाजात पत्राने किंवा तोंडी आपली बाजू मांडलेली हवी. त्याचे कायद्याने जपलेले हित धोक्यात यायला हवे. आणि त्याला होणारे नुकसान गावातल्या इतरांपेक्षा वेगळ्या प्रकारचे किंवा जास्त तीव्र आहे याचा काही पुरावा हवा. पहिली अट पुन्हा वाचा. त्या संध्याकाळी घरी बसलेल्या आणि पत्रही न दिलेल्या माणसासाठी हे दार उघडत नाही.

मंजुरीनंतरचे कागद

घातलेल्या अटी नोंदीत राहतात आणि मंडळ व जमीनमालक दोघांच्या संमतीशिवाय बदलत नाहीत. परवानगी बहुधा जागेबरोबर राहते, माणसाबरोबर नाही. अट मोडली जात असेल तर तारखांसह फोटो घेऊन गावाच्या ऑर्डिनन्स अंमलबजावणी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि मंजुरीच्या कागदातल्या अटीचा क्रमांक त्यात लिहा. आधीच चालू असलेले पाळणाघर किंवा सभागृहाची इमारत विकत घेत असाल, तर सौद्याआधी राज्याच्या माहिती अधिकार कायद्याखाली त्या पत्त्याची मूळ मंजुरी, सगळ्या अटी आणि आतापर्यंतच्या तक्रारी मागवा. वापर बराच काळ बंद असेल तर परवानगी अजून जिवंत आहे का, याचे उत्तर प्लॅनिंग विभागाकडून लेखी घ्या.